सोळा ताटं

सेवाच्या वीजबिलाची पाठ कोरी होती,
तिच्यावर मी उभी रेघ मारली.
डावीकडे: खोली स्वस्त, ऑगस्टचा दर,
सहाशेवीसची चारशेला, रात्री दोन,
जेवण ज्याचं त्याने.
उजवीकडे: खोली पुऱ्या भावात,
पण जेवण आधीच भरलेलं,
चौघांचं, चार वेळा.

फरक चारशे चाळीस दिरहम.
भागिले सोळा.
साडेसत्तावीसला एक ताट.

अनंता म्हणाला, आत बर्गर अठ्ठावन्नला,
पाण्याची बाटली बाराला,
आणि गेटवर पिशव्या उघडून बघतात.
ओजसला जूनमध्ये बारा पूर्ण झाली,
बाराच्या आतल्यांना जेवण फुकट.
तो म्हणाला, मी अजून अकराचाच दिसतो.
सानिका म्हणाली, आई,
तू सुट्टीवर निघालीस की टेंडर भरतेस?

मी बोलले नाही.
आगाऊ जेवण विकणं हा माझाच धंदा.
शारजात, रोल्याच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर
एकेचाळीस डबे, महिना तीनशे, पैसे एक तारखेला.
दहा दिरहमला तीन पोळ्या, भात, आमटी, भाजी,
बुधवारी अंडं.

सांगू नये ते सांगते:
नफा मसाल्यात नसतो.
नफा असतो शुक्रवारी,
पराडकर अजमानला मित्राकडे जातो,
तांडेलची ड्यूटी लांबते,
आणि कुणी घरी फोन करून झाल्यावर
नुसताच भिंतीकडे तोंड करून निजतो.
त्यांच्या न लाटलेल्या पोळ्यांवर
सानिकाची ट्यूशन चालते.

म्हणजे तिकडे, त्या हॉटेलातही
बसली असणार एक बाई, कुठल्याशा बिलाची पाठ घेऊन,
जिला ठाऊक आहे
पाळण्यातून उतरलेली पोरगी काही खात नाही,
नवऱ्यांना शुगर असते,
आणि बेचाळीस डिग्रीला भूक आधी उडते, घाम नंतर.
आमची सोळा
तिने तेराच धरली असतील.

तरी मी उजवीकडे खूण केली.
हिशेबाने नाही.
दोन दिवस मला कुणी विचारावं,
आणखी वाढू का,
एवढ्यासाठी.

बुफेत कुणी विचारत नाही.
आपणच उठायचं, आपणच रांगेत उभं राहायचं.
सानिका बाकावर आडवी, डोळ्यांवर ओला रुमाल,
तिच्या वाटचा पास्ता मी संपवायला घेतला,
पैसे भरलेत म्हणून,
आणि अर्ध्यात घशाशी आला.
माठाएवढ्या डोक्याचं एक कासव आलं,
ओजसचा हात हातात घेऊन हलवलं,
फोटोसाठी वाकलं,
आतून कुणीतरी खोकलं.
त्याची जेवायची वेळ कधी असते,
माझ्या तोंडावर आलं होतं.
तोवर ते दुसऱ्या पोराकडे गेलं.

तेरा झाली.
बरोब्बर तेरा.

परतताना मुलं मागे झोपलेली.
अनंताने विचारलं, मग, पडलं का स्वस्त?
मी पर्समधून बिल काढलं
आणि तेव्हा कुठे दिसलं:
एकेचाळीस डबे, दोन दिवस बंद,
दहाच्या दराने आठशे वीस,
परत द्यायचे.
हे ना रेघेच्या डावीकडे होतं
ना उजवीकडे.
अनंता हसत सुटला,
जेबेल अली मागे पडेपर्यंत हसत होता,
मग मलाही आवरेना.

शुक्रवारी पीठ मळायला घेतलं.
हात नेहमीच्या मापावर थांबला,
थोडा वेळ तसाच राहिला,
मग परत डब्यात गेला.
पराडकरला फोन लावला:
अजमानला जाताना वर ये रे,
डबा घेऊन जा.
तो म्हणाला, नको ताई, तिकडे जेवण आहे.
म्हटलं, असू दे.
पैसे भरलेत तू.